शिराझ उघडली आणि 'खराब झालीय' वाटली? बेसिनमध्ये ओतायच्या आधी हे बघा

शिराझ या रेड वाईनबद्दल दर दोन-तीन महिन्यांनी मला एक फोन ठरलेला असतो. "अरे ती मागच्या वर्षी घेतलेली शिराझ उघडली, वास मारतेय, गेली बहुतेक. ओतून देऊ का?" माझं उत्तरही ठरलेलं. ओतू नकोस, झाकण लाव, फ्रीजमध्ये टाक, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा फोन येतच नाही, म्हणजे समजायचं की बाटली संपली.

हे लिहितोय ते मुख्यतः एकाच वाईनच्या तीन किंवा सहा बाटल्या घेऊन दर वर्षी एक उघडायची, ती कशी बदलते ते बघायचं, असा नाद असलेल्यांसाठी. मी आणि माझ्या नाशिकच्या मित्राने असंच केलं होतं, २०१८ च्या तोडणीची कॉर्कवाली शिराझ, बारा बाटल्या, सहा त्याच्या घरी आणि सहा माझ्या पुण्याच्या घरी. त्या सहातल्या तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीने मला जे शिकवलं तेच खाली आहे. सिराह आणि शिराझ एकच द्राक्ष बरं का, फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या उत्तर भागात सिराह म्हणतात, ऑस्ट्रेलियात शिराझ, आणि आपल्या नाशिक-अकलूजकडच्या लेबलांवर बहुतेक शिराझच असतं. इराणच्या शिराझ शहराशी काही नातं नाही, १९९८ मध्ये डीएनए तपासून कळलं की याचे आईबाप दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश, दोन्ही आग्नेय फ्रान्समधलीच द्राक्षं.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते ठरवा, कारण पुढचा सगळा शोध त्यावर आहे.

- उघडल्या उघडल्या उकडलेल्या अंड्याचा, विझवलेल्या काडीचा किंवा जळक्या रबराचा वास
- नाक पेल्यात घातलं तरी काहीच येत नाही, वाईन मुकी
- नाकात स्पिरिट चढतं, घशात जळजळ, फळ गोड गोड
- वास मुरंब्यासारखा, फळ शिजवून ठेवल्यागत
- ओलं गोणपाट, पावसात भिजलेला पेपर
- व्हिनेगर नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हर
- तबेला, जखमेच्या पट्टीचा वास
- रंग विटकरी, कडेला चहासारखा, चव सपाट
- जिभेवर बारीक चुणचुण
- शेवटचा पेला कडू आणि रेताड
- मागच्या वर्षी मिरीचा वास होता, या वर्षी गायब

आता तपासण्या, फुकटच्या आधी.

पहिली गोष्ट, तुमचं तोंड आणि घर

हसू नका. बाटलीच्या आधी स्वतःला तपासायचं, कारण याला पैसे लागत नाहीत आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. तासाभरात चहा, पान, बडीशेप, टूथपेस्ट यातलं काही झालंय का? सर्दी आहे का? स्वयंपाकघरात फोडणी पडलीय का, उदबत्ती लागलीय का? मागे एकदा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही चौघं बसलो, आत चकल्या तळणं चालू, आणि एकजण अगदी गंभीरपणे म्हणाला की वाईनमध्ये ओवा येतोय. तिखट खाल्लेलं असेल तर आणखी वेगळा घोळ, तिखटाने दारूची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही जास्त लागतात. तर्रीवाली मिसळ खाऊन शिराझ चाखायची आणि 'फार कडक आहे' म्हणायचं, यात शिराझचा काय दोष.

पाण्याने चूळ भरा, कोरड्या पावाचा तुकडा खा, दहा मिनिटं थांबा, परत चाखा.

आणि मिरीचं लक्षण असेल तर पेला दुसऱ्याच्या हातात द्या. सिराहमधला मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे, खऱ्या काळ्या मिरीतही तेच असतं, २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. पण गंमत अशी की त्यांनी ज्यांना वास घ्यायला बसवलं होतं त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या लोकांना ते कितीही घातलं तरी कळलंच नाही. म्हणजे मागच्या वर्षी 'मिरी आहे' असं तुम्ही म्हणालात की शेजारी बसलेला म्हणाला आणि तुम्ही मान डोलावली, हे आठवून बघा. माझ्या बायकोला येते आणि मला जेमतेम येते, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली. शिवाय थंड हवेतल्या द्राक्षांत रोटंडोन जास्त तयार होतं, त्यामुळे नाशिकच्या शिराझमध्ये ऱ्होनइतकी मिरी शोधत बसू नका, आपल्याकडे जांभूळ आणि पिकलेली करवंदं जास्त.

तापमान, आणि इथे जरा थांबा

'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची' या वाक्याने आपल्याकडे जेवढ्या बाटल्यांची वाट लावलीय तेवढी कशानेच लावली नसेल. ती रूम युरोपातली, तिथलं म्हणजे सोळा-अठरा डिग्री. पुण्यात एप्रिलमध्ये संध्याकाळी आठ वाजता माझ्या हॉलमध्ये ३१ असतं. त्या तापमानाला १४ टक्के अल्कोहोलची शिराझ पेल्यात घातली की आधी स्पिरिट वर येतं आणि बाकीचे सगळे वास त्याच्या खाली दबतात, चव ढिली, गोडसर, जळजळीत. लोक याला 'वाईन म्हातारी झाली' म्हणतात. झालेली नसते.

उलटही होतं. थेट फ्रीजमधून काढून ओतली तर वास बंद आणि तुरटपणा दुप्पट, कारण गार वाईनमध्ये टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, जास्त बोचतं. म्हणजे मुकी आणि कडू ही दोन्ही लक्षणं नुसत्या थंडीने येऊ शकतात.

काय करायचं: खोलीत ठेवलेली बाटली फ्रीजमध्ये साधारण पाऊण ते एक तास, घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून दहा मिनिटं (नुसता बर्फ नको, पाण्याशिवाय तो बाटलीला सगळीकडून लागत नाही). स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर पेल्यात बुडवून बघा, १६ ते १८ हवं. नसेल तर बाटली गालाला लावा, गार लागली पाहिजे पण शहारा नको. आणि पेल्यात कमी ओता, आपल्या उकाड्यात पेला पंधरा-वीस मिनिटांत परत गरम होतो आणि तुम्ही म्हणता 'पहिला घोट बरा होता, नंतर बिघडली'.

दर वर्षी तुलना करायची असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिली बाटली डिसेंबरात उघडली आणि दुसरी मे महिन्यात, तर तुम्ही वाईनमधला फरक नोंदवत नाही, हवामान नोंदवताय. आम्ही आता दर वर्षी जानेवारीतच उघडतो आणि वहीत तारखेच्या शेजारी पेल्यातलं तापमान लिहितो.

पेला

पटकन. रिकामा पेला नाकाला लावा. भांडी घासायच्या साबणाचा लिंबूवास, कपाटातल्या लाकडाचा, डांबरगोळ्यांचा, ओल्या फडक्याचा, काहीही आलं तर दोष तिथे आहे. गरम पाण्याने नुसतं विसळा, मग त्याच वाईनचा चमचाभर घालून फिरवून ओतून द्या. एवढंच. स्टीलचा पेला नको हे सांगायला नको, पण सांगतो, कारण एकाने खरंच फुलपात्रात ओतून मला फोन केला होता.

हवा: अंडं, काडेपेटी, रबर

आता माझी तिसरी बाटली. उघडली आणि असा वास आला की बायको आतल्या खोलीतून ओरडली, गॅस चालू राहिलाय का. मी बाटली बेसिनवर वाकडी केलेलीच होती. ती म्हणाली आता झोपायला चल, सकाळी भांड्यांच्या वेळी ओत. सकाळी सात वाजता ओतायच्या आधी सवयीने वास घेतला तर काय, जांभूळ, थोडा धूर, काळ्या ऑलिव्हसारखं खारट काहीतरी. त्या सहातली सगळ्यात छान तीच निघाली.

कारण असं. यीस्टला द्राक्षरसातून नायट्रोजन कमी पडला की ते गंधकाची संयुगं बाहेर टाकतं, हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि त्याचीच चुलत भावंडं रबर आणि कांद्याच्या वासाची. सिराह या बाबतीत बदनाम आहे, बाकीच्या द्राक्षांपेक्षा हिच्यात हे जास्त होतं. बाटलीत हवा जात नाही तेव्हा हे वास अडकून बसतात, स्क्रू कॅप असेल तर आणखी, कारण कॉर्कपेक्षा त्यातून प्राणवायू कमी शिरतो. म्हणजे हा वास आला याचा अर्थ वाईन जुनी होऊन गेली असा नाहीच, उलट तिला हवा मिळालेली नाही.

तर एक पेला ओता आणि जोरात फिरवा, अर्धा मिनिट तरी. वास कमी होत असेल तर दिशा बरोबर आहे. मग सगळी बाटली एका स्वच्छ जगमध्ये उंचावरून ओता, टपरीवर चहा वरखाली करतात तशी, लाजायचं नाही. दोन-तीन वेळा इकडून तिकडे. अर्ध्या तासाने परत बघा. जुनी बाटली असेल, दहा वर्षांच्या वरची, तर मात्र असलं काही करू नका, तिच्यात उरलेला नाजूक वास हवेने तासाभरात उडून जातो. जुनीला फक्त पेल्यात हळू फिरवायचं.

जिभेवर चुणचुण असेल तर तीही इथेच जाते. नवीन बाटलीत थोडा कार्बन डायऑक्साइड राहिलेला असतो, हलवला की निघून जातो. हलवूनही सोड्यासारखे बुडबुडे येतच राहिले, वाईन गढूळ असली तर बाटलीत परत आंबणं सुरू झालंय, ती बाजूला ठेवा, तिचं शेवटी सांगतो.

तांब्याची पळी

हवेने गेलं नाही तर ही युक्ती. देवघरातली तांब्याची पळी (नसेल तर तांब्याचा कुठलाही स्वच्छ तुकडा, पण तांब्याचाच, पितळेचा नको) चिंचेने लख्ख घासा, खूप पाण्याने धुवा. दोन पेल्यांत थोडी थोडी वाईन घ्या, एकात पळी अर्धा मिनिट ढवळा, दुसऱ्याला हात लावू नका. दोन्हींचा वास घ्या. पळीवाल्यातून अंडं गेलं आणि फळ वर आलं, तर दोष गंधकाचाच, शंभर टक्के. तांबं गंधकाला धरून ठेवतं आणि वास नसलेलं कॉपर सल्फाइड तयार होतं.

याने रोग कळतो, हे औषध नाही. त्या पेल्यातली वाईन मी ओतून देतो. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवू नये हे आपल्या आज्ज्या उगाच सांगत नव्हत्या, आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि वाईन चांगलीच आंबट असते. त्यामुळे अख्खी बाटली तांब्याच्या तांब्यात ओतून ठेवायची कल्पना आली असेल तर सोडून द्या. आणि पळीने काहीच फरक पडला नाही तर एकतर गंधक नाहीच, किंवा ते जुनं होऊन अशा रूपात गेलंय की तांब्याला दाद देत नाही. पुढे चला.

गाळ

चार-पाच वर्षांच्या शिराझमध्ये तळाशी जांभळट काळा गाळ असणं बरोबरच आहे, रंग आणि टॅनिन एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. वाईन मऊ होते ती काही प्रमाणात याचमुळे. पण आडवी ठेवलेली बाटली तशीच उचलून उघडली की गाळ ढवळतो आणि सगळंच कडू, रेताड लागतं. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, मानेमागे मोबाईलचा टॉर्च धरून हळू ओता, गाळाचा धागा मानेपर्यंत आला की थांबा. गाळायची असेल तर धुतलेलं मलमल. चहाच्या गाळणीने गाळू नका, आमच्या वहिनींनी एकदा तसं केलं आणि आम्ही चार जाणकार अर्धा तास 'आसाम चहाची नोट' या विषयावर बोलत होतो.

रात्रभर थांबा, पण नीट थांबा

इथपर्यंत काही कळलं नाही तर खरी परीक्षा उद्या. मी आता प्रत्येक बाटलीला हेच करतो, बिघडो न बिघडो. उघडल्या उघडल्या अर्धी वाईन एका लहान ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरायची, झाकण घट्ट, फ्रीजमध्ये. काठोकाठ याच्यासाठी की आत हवा उरू नये. उरलेली अर्धी मोठ्या बाटलीत हवेसकट, तीही फ्रीजमध्ये, गारव्यात बिघडणं मंद होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही १६-१७ डिग्रीला आणून शेजारी शेजारी.

हवेवाली सुधारली असेल तर तुमची वाईन अजून तरुण आहे, घाई केलीत, पुढची बाटली वर्ष-दोन वर्षं ठेवा. हवेवाली सपाट झाली आणि भरलेली छान राहिली तर वाईन आत्ता ऐन भरात आहे, उरलेल्या फार ताणू नका. दोन्ही पहिल्या दिवसापासून सपाटच, तर वेळ निघून गेली किंवा साठवण चुकली. एका बाटलीतून पुढच्या काही वर्षांचा अंदाज याच्याइतका स्वस्तात दुसरा कुठला मिळत नाही.

आणि काही वेळा दोन्ही अर्ध्या तीन दिवस मुक्याच राहतात, दोष कुठलाच नाही, नुसतीच बंद. होतं असं. तरुणपणचं फळ ओसरलेलं असतं आणि चामडं, धूर, सुकलेलं अंजीर वगैरे अजून आलेलं नसतं. उत्तर ऱ्होनची हर्मिटेज किंवा कोर्नास ही सिराहची वाईन अशी काही वर्षं गप्प बसण्यासाठी प्रसिद्धच आहे. घाईने निकाल देण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. पेनफोल्ड्स या वाईन कंपनीच्या मॅक्स शूबर्टने १९५१ मध्ये मुख्यतः शिराझपासून ग्रेंज नावाची वाईन बनवायला घेतली, सुरुवातीच्या वर्षांच्या बाटल्या मोठ्या लोकांनी चाखल्या, नावं ठेवली, आणि १९५७ मध्ये कंपनीने त्याला ते बंद करायला सांगितलं. तो गुपचूप करत राहिला. दोन-तीन वर्षांत त्याच आधीच्या बाटल्या बाटलीतच पिकून अशा झाल्या की १९६० मध्ये परत चालू कर म्हणून सांगावं लागलं.

मात्र प्रत्येक शिराझला ग्रेंज समजू नका. आपल्या दुकानात मिळणारी रोजची शिराझ दोन-तीन, फार तर चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. ती दहा वर्षं ठेवून 'उमलण्याची' वाट बघणं म्हणजे भजी उद्यासाठी ठेवण्यासारखं आहे. रिझर्व्ह असेल, ओकच्या पिंपात राहिलेली असेल, तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही ठणठणीत असतील तर पाच ते आठ वर्षं बघायला हरकत नाही.

जे घरी बरं होत नाही

ओल्या गोणपाटाचा वास हवेने कमी व्हायच्या ऐवजी अर्ध्या तासात वाढला तर तो कॉर्कचा दोष, टीसीए नावाचं रसायन. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. अपाय नाही, पण इलाजही नाही. इथेच अंड्याच्या वासाशी गल्लत होते, म्हणून लक्षात ठेवा की गंधक हवेने घटतं आणि टीसीए हवेने चढतं. स्क्रू कॅपच्या बाटलीत हा संशय जवळजवळ सोडूनच द्या.

व्हिनेगर आणि नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे जीवाणूंचं काम, परत फिरत नाही, मटणाच्या मॅरिनेशनमध्येही फार बरं लागत नाही. तबेला आणि जखमेची पट्टी म्हणजे ब्रेट नावाचं यीस्ट, यावर भांडणं आहेत, काहींना थोडंसं आवडतं. पण सिराहचा स्वतःचा भाजलेल्या मांसाचा, धुराचा वास वेगळा, त्याला ब्रेट समजून घाबरू नका. भाजलेलं असेल आणि मागे फळ असेल तर ठीक, फळच नसेल आणि घोट कोरडा, लोखंडासारखा संपत असेल तर ब्रेट.

सगळ्यात अवघड तपासणी: तुम्ही ठेवली कुठे

चौथी बाटली. बूच काढतानाच बघितलं, त्याच्या बाजूने जांभळी रेघ वरपर्यंत गेलेली, म्हणजे वाईन कधीतरी फुगून बाहेर झिरपली होती. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर कड विटकरी. वास मुरंब्याचा. हवा, पळी, रात्र, सगळं करून झालं, ढिम्म फरक नाही. नाशिकच्या मित्राकडची तीच चौथी, तीच तोडणी, मागवून घेतली (तो स्वतः घेऊन आला, अर्धी पिण्याच्या अटीवर). शेजारी ओतली तर तिची कड अजून जांभळी, वास ताजा. त्याच्याकडे १४ डिग्रीचं वाईनचं कपाट आहे. माझ्या बाटल्या माळ्यावर होत्या, वरच्या मजल्याचा फ्लॅट, स्लॅबच्या खाली हातभर.

कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर आणून माळ्यावर ठेवला. मे महिन्यात ४१ दाखवलं. दहा डिग्री वाढल्या की बिघडण्याचा वेग साधारण दुपटीने वाढतो असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे माझा एक उन्हाळा त्याच्या साधारण वर्षभराच्या बरोबर. मी 'वाईन वयाने कशी बदलते' हे चार वर्षं लिहीत होतो आणि खरं तर माझा स्लॅब किती तापतो ते लिहीत होतो.

मग तो थर्मामीटर आठवडा-आठवडा घरभर फिरवला. सगळ्यात थंड आणि स्थिर कोपरा देवघराच्या खालचा निघाला. तिथे बाटली ठेवायला आईने परवानगी दिली असती तर हा लेख लवकर संपला असता. दुसऱ्या नंबरवर दिवाणाखालची आतली बाजू, भिंत बाहेरच्या उन्हाची नाही, दिवसरात्रीत दोन-तीन डिग्रीचाच फरक. फ्रीजवरचं कपाट, ओव्हनशेजारचा कप्पा, खिडकीतला शोभेचा रॅक ही तिन्ही ठिकाणं बाद. कॉर्क असेल तर आडवी, म्हणजे बूच सुकत नाही. स्क्रू कॅप कशीही. पण खरं बोलायचं तर नागपूर-जळगावकडे दिवाण काय आणि कपाट काय, उन्हाळ्यात फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलेली बरी, काही महिन्यांना चालतं.

वाईन कूलर घेणार असाल तर एक बघा, कॉम्प्रेसरचा आहे का. बिनकॉम्प्रेसरचे छोटे स्वस्त कूलर खोलीपेक्षा ठराविक डिग्रीच खाली जातात, बाहेर ४० असेल तर आत पंचविशी येते आणि डब्यावरचा आकडा मात्र १२ सेट केलेला असतो. आतही थर्मामीटर ठेवा, डिस्प्लेवर विश्वास नको.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

घरी काय करू नये ते आधी. कॉपर सल्फेटचे थेंब, हायड्रोजन पेरॉक्साइड, वाईनरीत वापरतात ती सल्फाइटची पूड, असलं काहीही बाटलीत घालायचं नाही. वाईनरीत ते प्रयोगशाळेत मोजून घालतात, आपल्याकडे मोजायला काही नाही.

सील तुटलेलं, झाकण आधी फिरवलेलं, काचेला टवका गेलेला, किंवा वर सांगितलेली बुडबुड्यांची गढूळ बाटली असेल तर चाखून बघण्याचा मोह नको. थेट दुकानात. वाईन प्यायल्यावर धाप लागणं, अंगावर पित्त उठणं असं होत असेल तर ते बाटलीचं ट्रबलशूटिंग नाही, डॉक्टरकडे जा, दमा असलेल्यांनी तर आधीच विचारा. कूलर गार होईना तर मागची जाळी ब्रशने साफ करणं आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं इतकंच आपलं काम, गॅस आणि कॉम्प्रेसरला मेकॅनिक.

महागाची, जुनी, कोणी परदेशातून आणलेली हर्मिटेज किंवा कोत-रोती (तीही उत्तर ऱ्होनचीच) असेल, वाईनची पातळी मानेच्या खाली खांद्यापर्यंत उतरलेली असेल, बूच खचलेलं असेल, तर स्वतः स्क्रू घालू नका. जुनं बूच मधोमध तुटतं. हॉटेलात काम केलेल्या सोमेलिएकडे (म्हणजे वाईन निवडून वाढणाऱ्या जाणकाराकडे) दोन पात्यांचा ओपनर असतो आणि तो वापरायचा हातही असतो, त्याला जेवायला बोलवा.

एकाच तोडणीच्या दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेल्या बाटल्या सारख्याच बिघडलेल्या निघाल्या तर मात्र दोष तुमच्या माळ्याचा नाही. तेव्हा वाईनरीला लिहा, लेबलचा आणि बॅच नंबरचा फोटो, बुचाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, कधी घेतली, कुठे ठेवली हे खरं खरं, माळा असेल तर माळा. त्यांच्याकडे तपासायची सोय असते किंवा ते प्रयोगशाळेत पाठवतात. बूच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि निम्म्याहून जास्त वाईन बाटलीत राहू द्या, कारण दुकानदार असो की वाईनरी, पहिला प्रश्न हाच येतो की उरलेली आहे का. ओतून दिलेली बाटली कोणी बदलून देत नाही.